चार पायांचा लढवय्या: आयकेमेनमध्ये बैल, रोही, रानडुक्कर कसे बसवायचे?

बोरीकाठचा_पिक्सेल

राजेहो, आयकेमेन गो या फायटिंग गेमच्या फुकट इंजिनवर दोघांनी खेळायचा फायटिंग गेम बनवून राहिलो आहे. पात्रं सगळी आपल्याकडचीच घेतली: तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, अस्वल आणि सायाळ. पोट्टे कागदावर चित्रं काढतात, ती स्कॅन करून गिम्पमध्ये रंगवतो आणि फायटर फॅक्टरी या पात्र जुळवायच्या प्रोग्राममध्ये घालतो. काम अभ्यासिकेच्या जुन्या लॅपटॉपवर होते, 4 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गावातल्या पोट्ट्यांना खेळता आलं पाहिजे एवढंच ध्येय आहे.

सुरुवात इंजिनसोबत येणाऱ्या कुंग फू मॅन या तयार पात्राची नक्कल करून केली. दोन पायांचा माणूस होता तोवर सगळं बरोबर चाललं. जनावर बसवलं आणि गाडी अडली. बैलाचं चित्र 104 पिक्सेल लांब, 68 उंच. रानडुक्कर 52 उंच. आता पाहा काय होऊन राहिलं:

कुंग फू मॅनचा उभा ठोसा डुकराच्या डोक्यावरून निघून जाते, लागतच नाही. बैल कोपऱ्यात गेला का त्याचा मागचा अर्धा भाग स्क्रीनच्या बाहेर. समोरचा गडी बैलावरून उडी मारून पलीकडे गेला का बैल वळते, पण वळताना अख्खा बैल एक बैलभर अंतर सरकते. शिंगाचा वार केल्यावर कधीकधी बैल तिथेच थिजते, मग काहीही दाबा, हलत नाही. चालताना झुलीचा लाल रंग एका चित्रात लाल, दुसऱ्यात तपकिरी. आणि चार पायांच्या जनावराने खाली बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे तर अजून सुचलंच नाही.

चित्राचा अक्ष, म्हणजे पायाखालचा शून्य बिंदू, मी पुढच्या पायांखाली ठेवला आहे, कारण शिंगं तिथून जवळ. कोणी टप्प्याटप्प्याने सांगेल काय?

टिक_60

भाऊ, तुमच्या अर्ध्या अडचणी त्या अक्षाच्याच आहेत. तिथूनच सुरू करू.

हे इंजिन पात्र वळवतं म्हणजे चित्र अक्षाभोवती आरशासारखं उलटं करतं, बाकी काही नाही. अक्ष पुढच्या पायांखाली असेल तर बैलाचं 80–85 पिक्सेल शरीर अक्षाच्या मागे असतं. उलटं झालं की तेच 80–85 पिक्सेल दुसऱ्या बाजूला येऊन पडतात. म्हणून बैल सरकल्यासारखा दिसतो. अक्ष पुढच्या आणि मागच्या पायांच्या बरोबर मध्ये, जमिनीच्या रेषेवर घ्या. मग शरीर अक्षाच्या दोन्ही बाजूंना साधारण 52–52 येतं आणि उलटं झालं तरी जागा तीच राहते, फक्त डोकं इकडचं तिकडे जातं. तेही एकदम जाऊ नये म्हणून क्रमांक 5 ची वळण्याची हालचाल नक्की भरा: बैल समोरून दिसतो असं एकच चित्र, 6 टिक. एक टिक म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे दहावा हिस्सा सेकंद झाला. डोळ्याला तेवढं पुरतं.

अक्ष बदलताना फायटर फॅक्टरीत एकेक चित्र हाताने सरकवू नका. सगळ्या चित्रांचा कागद, म्हणजे कॅनव्हास, एकाच मापाचा ठेवा, बैलासाठी 160 बाय 120 पुरे. प्रत्येक चित्रात पाय त्याच रेषेवर काढा. मग अक्ष एकदाच ठरवून सगळ्यांना लावता येतो.

आता चौकटी. एअर फाईलमध्ये, म्हणजे हालचालींच्या फाईलमध्ये, दोन प्रकारच्या चौकटी असतात हे तुम्हाला माहीत असेलच: निळी म्हणजे मार खाणारी, लाल म्हणजे मारणारी. त्याशिवाय तिसरं एक माप असतं, ते चित्रावर दिसत नाही म्हणून लोक विसरतात. सीएनएस फाईलच्या, म्हणजे पात्राची मापं आणि नियम असतात तिच्या, साइझ विभागात ग्राउंड डॉट फ्रंट आणि ग्राउंड डॉट बॅक. दोन पात्रं एकमेकांना ढकलतात ती या मापाने. कुंग फू मॅनचे आकडे 16 आणि 15 आहेत. तेच तुमच्या बैलाला लागले असतील, म्हणजे इंजिनच्या लेखी तुमचा बैल 31 पिक्सेल रुंदीचा माणूस आहे. दोन्ही आकडे 40 करा. पूर्ण 52 करू नका. तोंड आणि शेपूट थोडं समोरच्याच्या अंगात शिरलं तर चालतं, उलट 52 केल्यावर वरून उडी मारणारा गडी खाली येताना फार दूर फेकला जातो आणि ते वाईट दिसतं. त्याच विभागात हाइट आहे, ती 60 असते. ती बैलाला 50, डुकराला 38 करा, म्हणजे त्यांच्यावरून उडी मारून जाणं सोपं होईल.

कोपऱ्यात बाहेर जाणं हा पात्राचा नाही, स्टेजचा दोष आहे. स्टेजच्या डेफ फाईलमध्ये बाउंड विभागात स्क्रीनलेफ्ट आणि स्क्रीनराइट असतात, तिथे 15 लिहिलेलं असतं. म्हणजे पात्राचा अक्ष कडेपासून 15 पिक्सेलपर्यंत जाऊ शकतो. माणसाला ते पुरतं, 52 पिक्सेलच्या अर्ध्या बैलाला नाही. दोन्ही 48 करा. आणि तिथेच प्लेअरइन्फो विभागात सुरुवातीच्या जागा बघा: एकाची उणे 70, दुसऱ्याची 70. दोन अक्षांत 140 अंतर, त्यातून दोन अर्धे बैल वजा केले तर नाकासमोर फक्त 36 पिक्सेल उरतात. फेरी सुरू होताच पहिलं बटण दाबेल त्याचं शिंग लागणार. उणे 100 आणि 100 करा.

ठोसा डोक्यावरून जातो त्याचं कारण सरळ आहे. कुंग फू मॅनच्या उभ्या ठोशाची लाल चौकट जमिनीपासून साधारण 70 ते 80 पिक्सेलवर आहे आणि डुक्कर 52 वर संपतं. यावर उपाय म्हणून डुकराची निळी चौकट हवेत वाढवू नका. अंगाला न लागलेला मार लागला असं दिसलं की खेळणारा चिडतो, आणि तो चिडणं बरोबरच आहे. कुंग फू मॅन संघातून काढून टाका. तो चाचणीपुरता. तुमच्या पाचही पात्रांना एक नियम लावा: प्रत्येकाचा सगळ्यात जलद वार जमिनीपासून 40 पिक्सेलच्या खालीपर्यंत पोचलाच पाहिजे. एअर फाईलमध्ये वरची दिशा उणे असते, म्हणजे लाल चौकटीची खालची कड उणे 35 च्या आसपास हवी.

ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. प्राण्यांचे बहुतेक फायटिंग गेम तिला बगल देतात. ब्लडी रोअरमध्ये, तो 1997 चा, माणसाचं जनावर होतं पण उभं दोन पायांवरच राहतं. टेकनमधलं अस्वलही बहुतेक वेळ उभं राहूनच लढतं. खऱ्या अर्थाने चार पायांवर सगळं पेललं ते देम्स फायटिन हर्ड्सने, 2020 साली पूर्ण स्वरूपात आला. त्यात ॲरिझोना नावाचं वासरू आहे. त्याच्या लढतींचे व्हिडिओ लावा आणि थांबवत थांबवत बघा: तिथे सगळीच पात्रं बुटकी आणि लांब आहेत. म्हणून कुणाचा वार कुणाच्या डोक्यावरून जात नाही. एका उंच माणसाला चार बुटक्या जनावरांत आणलं की तोल गेलाच.

थिजण्याचं उत्तर: शिंगाच्या वाराच्या हालचालीत शेवटच्या चित्राची वेळ उणे 1 दिली आहे का बघा. उणे 1 म्हणजे 'इथेच थांब'. सीएनएसमध्ये परत उभं राहण्याची अट ॲनिमटाइम, म्हणजे हालचालीचा उरलेला वेळ, शून्य झाल्यावरची असते, आणि उणे 1 असेल तर ते शून्य कधीच होत नाही. तिथे 4 किंवा 5 लिहा. कधीकधीच थिजतो म्हणता, म्हणजे वार लागला तर दुसरीकडे सुटका होत असावी आणि हुकला की अडकत असावा. कंट्रोल आणि डी दाबलं की खाली स्टेट क्रमांक, म्हणजे पात्र सध्या काय करतंय त्याचा आकडा, दिसतो, थिजल्यावर तो वाराचा 200 च राहतो का तेवढं पाहून घ्या. कंट्रोल आणि सी ने चौकटी दिसतात. फाईल बदलल्यावर गेम बंद करून परत उघडायची गरज नाही, शिफ्ट आणि एफ4 ने पात्रं नव्याने वाचली जातात. जुन्या लॅपटॉपवर यात फार वेळ वाचतो.

रंगपेटी

रंगाचं मी सांगते.

झुलीचा रंग बदलतो कारण प्रत्येक चित्र वेगवेगळं इंडेक्स्ड केलं आहे. इंडेक्स्ड म्हणजे चित्रात रंग नसतात, रंगांचे क्रमांक असतात, आणि क्रमांक कोणत्या रंगाचा हे एका तक्त्यावर ठरतं. पहिल्या चित्रात 10 क्रमांकावर लाल होता, दुसरं चित्र वेगळं बदलल्यावर 10 वर तपकिरी आला, आणि गेम मात्र सगळ्यांना पहिल्याचाच तक्ता लावतो. म्हणून:

एका पात्राची सगळी चित्रं आधी एकाच मोठ्या कागदावर ओळीने मांडा. मागे एकच सपाट भडक रंग भरा, जो जनावरात कुठेच नाही. गुलाबी घेतात बहुतेक. इमेज मेनूतून फ्लॅटन करा, म्हणजे पारदर्शक भाग उरणार नाही. मग इमेज, मोड, इंडेक्स्ड. रंग 32 पुरे, डिदरिंग, म्हणजे ठिपक्यांनी रंग मिसळणं, बंद. त्यानंतर कलरमॅप उघडून गुलाबी रंग शून्य क्रमांकावर आणा, कारण शून्यावरचा रंगच गेममध्ये पारदर्शक धरला जातो. हे सगळं झाल्यावर मगच कापून वेगवेगळी चित्रं करा. आधी कापून मग इंडेक्स्ड केलंत की पुन्हा तेच होणार.

जनावराभोवती गुलाबी किनार दिसत असेल तर ती ब्रशमुळे. गिम्पचा ब्रश कडेला रंग मिसळतो. पेन्सिल टूल वापरा, ते कडेला मिसळत नाही. मुलांचं क्रेयॉनचं चित्र स्कॅन करून थेट 104 पिक्सेलवर आणलं तर चिखल होतो, कारण क्रेयॉनच्या एका लाल पट्ट्यात शेकडो छटा असतात. ते लहान करून खालच्या लेयरवर फिकट ठेवा आणि वरच्या लेयरवर एक पिक्सेलच्या पेन्सिलने गिरवा. मुलाने बैलाला पाठीवर दिलेला बाक, मोठे डोळे, एक शिंग जरा लांब, हे तसंच राहू द्या. ते सरळ केलंत तर चित्र तुमचं होईल, त्याचं राहणार नाही.

आणि कामाचा क्रम बदला. पहिलं पात्र लाकडी नंदी करा. त्याला चाकं आहेत, पाय हलत नाहीत! चार पायांच्या चालण्याची चित्रं हे या कामातलं सगळ्यात किचकट प्रकरण, आणि नंदीला ते लागतच नाही. धड एकच. चाकाची चार चित्रं, आऱ्या थोड्या थोड्या फिरलेल्या, प्रत्येक 4 टिक, झालं चालणं. मागे सरकणं म्हणजे तीच चित्रं उलट्या क्रमाने. मार खाल्ल्यावर धड पाच अंश आणि दहा अंश मागे कललेलं. आडवा पडला की कुशीवर, चाकं बाजूला, एक चाक हलकं फिरत राहिलेलं. त्या एका फिरत्या चाकाने पात्राला जीव येतो, दोन चित्रं जास्त गेली तरी ते करा. नंदी 25–30 चित्रांत उभा राहतो. रोहीला साठाच्या खाली भागत नाही.

झुलीचे रंग मुद्दाम 10 ते 13 अशा सलग क्रमांकांवर ठेवा, शिंगांचे 14 आणि 15 वर. मग दोघांनीही नंदीच निवडला तर दुसऱ्यासाठी फक्त हे सहा रंग बदललेला तक्ता द्यायचा. एकाची झूल लाल, दुसऱ्याची हिरवी, शिंगांना वेगळा बेगड. चित्रं पुन्हा काढायची नाहीत.

नावं देवनागरीत हवी असतील तर फॉन्टच्या नादी लागू नका, चित्राच्या फॉन्टमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. निवडीच्या पडद्यावरचं मोठं चित्र, गट 9000 मधलं 1 क्रमांकाचं, साधारण 120 बाय 140 असतं. त्यातच खाली 'रोही', 'सायाळ' असं हाताने लिहून टाका. लहान चौकोन 9000 मधला 0, तो 25 बाय 25. त्यात फक्त तोंड बसवा, अख्खं जनावर बसवलं तर ओळखू येत नाही.

बोरीकाठचा_पिक्सेल

ताई, नंदीची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. टिकभाऊ, अक्ष मध्ये घेतला, सरकणं बंद झालं. शेवटचं उणे 1 पण निघालं, बैल आता मोकळा.

आता वारांचं सांगा. डुकराची धाव आणि सुळ्याचा वार केला आहे, पण नुसता हलका वार दाबत राहिलं तरी समोरच्याला सुटकाच नाही, जीव संपेपर्यंत मार बसते. काहून?

मोर्शीवाला_फ्रेम

भाऊ, हा हिशोब कागदावर करा, नजरेने जमत नाही.

वाराचे तीन तुकडे असतात: वार निघेपर्यंतचा वेळ, लाल चौकट चालू असण्याचा वेळ, आणि परत सावरण्याचा वेळ. समजा तुमचा हलका वार 5, 3, 9 टिकांचा आहे. लाल चौकट चालू झाल्याच्या पहिल्याच टिकला वार लागला तर तुमचे 2 आणि 9 असे 11 टिक उरतात. समोरचा किती टिक सुन्न राहतो ते हिटडेफमध्ये, म्हणजे सीएनएसमधल्या वाराच्या तपशिलात, ग्राउंड डॉट हिटटाइम ठरवतं. वार लागल्यावर दोघं क्षणभर गोठतात, तो पॉजटाइम, पण तो दोघांना सारखाच, म्हणून हिशोबातून वजा करा. हिटटाइम 12 असेल तर तुम्ही 1 टिक आधी मोकळे. हिटटाइम 18 असेल तर 7 टिक आधी मोकळे, आणि तुमचा पुढचा वार 5 टिकांत निघतो. म्हणजे तो शुद्धीवर यायच्या आत दुसरा लागला. तिसराही. संपेपर्यंत. तुमच्या फाईलमध्ये नेमकं हेच असणार.

नियम असा: उरलेले टिक अधिक वार निघण्याचे टिक, इथे 11 अधिक 5 म्हणजे 16, हिटटाइम याच्या खालीच पाहिजे. हलक्याला 12 ते 13 ठेवा. शिवाय ग्राउंड डॉट व्हेलॉसिटी उणे 4 ते उणे 5 द्या, म्हणजे समोरचा मागे ढकलला जाईल आणि चौथा वार पोचणारच नाही. लांब शरीरांत एक गोष्ट वेगळी होते: बैलाचं शिंग अक्षापासून 52 पिक्सेल पुढे असतं, म्हणून माणसासाठी लिहिलेलं ढकलणं बैलाला कमी पडतं. बैल खेळवून पाहा, गरज पडली तर उणे 6.

दुसरं एक तपासा. हिटडेफची अट 'ॲनिमएलिम बरोबर 2' अशी, म्हणजे दुसरं चित्र सुरू होतानाच, आहे, का नुसतं 1 लिहिलं आहे? नुसतं 1 असेल तर दर टिकला नवा वार धरला जातो आणि एका शिंगात तीन मार बसतात. आणि त्या 2 क्रमांकाच्या चित्रावरच लाल चौकट पाहिजे. तिसऱ्यावर काढली असेल आणि दुसऱ्यावर नसेल तर वार उशिरा लागतो.

जीव 1000 धरून हलका वार 25, जड 75, खास चाल 100. अशा हिशोबाने एक फेरी पंधरा-वीस वारांत संपते. पोरांच्या खेळात फेरी लवकर संपलेली बरी, मागे रांग असते.

आता डुकराची धाव. रानडुक्कर सरळ येतं आणि सुळा खालून वर हाणतं. तसंच लिहा. आदेश: मागचं बटण 30 टिक धरून ठेवायचं, मग पुढे आणि वार. वेग टिकला 6 पिक्सेल. पडदा 320 रुंद आहे, म्हणजे या वेगाने अख्खा पडदा 53 टिकांत पार होतो, ते जास्त झालं. धाव 25 टिकांवर तोडा, 150 पिक्सेल जाईल. धावेत असताना कंट्रोल, म्हणजे खेळणाऱ्याचा पात्रावरचा ताबा, शून्य ठेवा, मग ते मध्येच वळणार नाही. समोरच्याने उडी मारली तर डुक्कर खालून निघून जाईल आणि तिथे सावरण्याचे 24 टिक भरपूर आहेत, पाठीत मार खाईल. हीच त्या चालीची किंमत. ती कमी केलीत तर पोट्टे दुसरं काही दाबणारच नाहीत.

सुळ्याच्या वाराला ग्राउंड व्हेलॉसिटी उणे 3, उणे 6 द्या, फॉल 1 करा, म्हणजे समोरचा वर उडेल. त्या वाराचा जगल आकडा, म्हणजे हवेतल्या गड्याला मारायला खर्च होणारे गुण, 8 ठेवा. पात्राचा एअरजगल 15 असतो, 8 गेले की 7 उरतात, दुसऱ्यांदा 8 मिळत नाहीत. म्हणून हवेतल्या गड्याला सुळा एकदाच लागतो.

टिक_60

खाली बसण्याचं राहिलं होतं. इथे जनावरच मदत करतं. रोह्याचे नर भांडतात तेव्हा पुढचे गुडघे टेकून मानेला मान लावून रेटतात. रोह्याचं 'खाली बसणं' म्हणजे हेच: 10 क्रमांकाच्या हालचालीत गुडघे टेकताना एक चित्र, 11 मध्ये टेकलेलं एक चित्र. निळी चौकट पुढून 45 पर्यंत खाली येते, मागचे पुठ्ठे मात्र उंचच राहतात. म्हणून एकच मोठी चौकट काढू नका. दोन काढा, पुढची बुटकी आणि मागची उंच. मग खाली बसलेल्या रोह्याला समोरून उंच वार लागत नाही, पण मागून उडी मारून आलेल्याचा लागतो.

अस्वल उलटं करा. चालताना चार पायांवर, उंची 55. जड वारासाठी मागच्या पायांवर उभं राहून पंजा मारतं, तेव्हा निळी चौकटही 95 पर्यंत वाढवा. वार लांब आणि जोरकस, पण तेवढा वेळ अंग उघडं. चौकट वाढवायला विसरलात तर अस्वल खेळातलं सगळ्यात भारी पात्र होऊन बसेल आणि कारण सापडणार नाही.

सायाळ शत्रूकडे पाठ करून काटे उभारते आणि मागे मागे धावून जाते. इथे बरेच जण पात्र वळवण्याचा आदेश लिहितात आणि मग वार लागलेला गडी उलट्या बाजूला उडतो. वळवू नका. इंजिनच्या लेखी सायाळ समोरच बघते आहे, फक्त चित्र पाठमोरं काढा. लाल चौकट नेहमीसारखी पुढे. ढकलणं आपोआप बरोबर दिशेला जातं.

पकड आणि फेक पहिल्या खेळात घेऊ नका. फेकताना समोरच्या पात्राची चित्रंही तुम्हाला नेमक्या जागी बांधावी लागतात. पाच वेगळ्या आकारांची जनावरं म्हणजे पंचवीस जोड्या जुळवणं आलं.

आर्वीचा_गडी

एक विचारतो. पोट्टे म्हणतील बॅटमॅन घाला, निन्जा कासवं घाला. म्युजेनसाठी, म्हणजे आयकेमेन ज्याच्या धर्तीवर आहे त्या जुन्या इंजिनसाठी, बनवलेली ती पात्रं नेटवर तयार मिळतात आणि आयकेमेनमध्ये चालतात. टाकून दिली तर काय होते?

मोर्शीवाला_फ्रेम

टाकू नका. दोन कारणं आहेत. एक, ती पात्रं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या मापाने बनवलेली असतात. कुणाचा जीव 1000, कुणाचे वार 200 चे. तुमच्या नंदीला ती दोन मिनिटांत झोपवतील आणि तुम्ही आठवडाभर केलेला हिशोब वाया जाईल.

दुसरं, ती दुसऱ्याच्या मालकीची पात्रं आहेत. देम्स फायटिन हर्ड्सचीच गोष्ट पाहा. तो आधी माय लिटल पोनी या कार्टून मालिकेतल्या घोड्यांवर चाहत्यांनी बनवलेला खेळ होता. 2013 मध्ये हक्कधारक कंपनीची नोटीस आली आणि काम थांबवावं लागलं. मग लॉरेन फॉस्ट यांनी, त्या मालिकेच्याच निर्मात्या, नवी पात्रं काढून दिली, वासरू, हरीण, मेंढी, आणि खेळ नव्या नावाने उभा राहिला. तुमच्याकडे नवी पात्रं पहिल्यापासूनच आहेत. अशी तयार पात्रं, निदान मार्व्हलची, खेळायचीच असतील तर कॅपकॉमने 2024 मध्ये जुने सहा मार्व्हल फायटिंग गेम आणि पनिशर एका संग्रहात विकत दिले आहेत, ते घ्यावं.

निन्जा कासवांकडून एक गोष्ट मात्र शिकून घ्या. 1989 च्या आर्केड गेममध्ये चारही कासवांचं अंग जवळजवळ सारखं आहे, फरक पट्टीच्या रंगाचा आणि हत्याराचा. डोनाटेलोची काठी लांब पोचते, एवढ्यानेच तो खेळायला वेगळा वाटतो. तुमच्या नंदीच्याच चाकांवर दुसरं लाकडी जनावर बसवलं, शिंगं 12 पिक्सेलने लांब केली आणि सावरण्याचे टिक 4 ने वाढवले, तर सहावं पात्र एका दिवसात होते.

बोरीकाठचा_पिक्सेल

हिटटाइम 18 च होता! 12 केला, सुटका होऊन राहिली. अस्वलाची चौकटही वाढवली.

आता शेवटचं. एकाच कीबोर्डवर दोघं खेळतात. डावीकडच्याने खाली आणि पुढे धरून वार दाबला का उजवीकडच्याचं एखादं बटण लागतच नाही. गेममध्ये दोष आहे काय?

सुट्टे_भाग

गेमचा दोष नाही. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. आत ओळी-स्तंभांची जाळी असते, आणि एकाच वेळी काही ठरावीक तीन बटणं दाबली की कीबोर्डला चौथं खरं का खोटं ते कळत नाही, म्हणून तो ते गाळतो. लॅपटॉपवर तर हे हमखास. तपासायचं असेल तर नोटपॅड उघडा, डाव्या खेळाडूची दोन-तीन अक्षरं धरून ठेवा आणि उजव्याची एकेक दाबत जा. जे उमटत नाही ते गेममध्येही लागणार नाही.

स्वस्तातला उपाय: दुसरा कुठलाही यूएसबी कीबोर्ड लावा. विंडोज दोन्ही कीबोर्ड एकच समजतो, त्यामुळे गेमच्या सेटिंगमध्ये काही बदलावं लागत नाही. पहिला खेळाडू लॅपटॉपच्या बटणांवर, दुसरा बाहेरच्या कीबोर्डवर. दोघांची जाळी वेगळी, त्यामुळे एकाची बटणं दुसऱ्याची गाळत नाहीत. फक्त पोरांना सांगून ठेवा की दुसऱ्याच्या वाट्याचं बटण आपल्या कीबोर्डवरही आहे, चुकून दाबलं तर समोरचा नंदी चालेल. त्या बटणांच्या टोप्या काढून ठेवल्या तर प्रश्नच मिटतो.

चार्जर लावूनच खेळवा. बॅटरीवर जुना लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग खेळ संथ होतो किंवा अडखळतो. मुलांना वाटतं बैल जड झाला. त्या दिवशी लाईट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर शिंग उशिरा हलतं आणि दोष तुमच्या 5 टिकांवर येतो.

रंगपेटी

आवाजाचं कुणी बोललं नाही. वार लागल्याचा आवाज पात्राच्या स्वतःच्या आवाज-फाईलमधून घ्यायचा असेल तर हिटडेफमध्ये हिटसाउंडच्या आकड्याआधी 'एस' हे अक्षर लावावं लागतं, नाहीतर इंजिन आपला सगळ्यांसाठीचा ठोशाचा आवाज वाजवतं. मोबाईलवर घुंगरमाळेचा एक झटका रेकॉर्ड करा, अर्ध्या सेकंदाच्या आत कापा, मोनो, वेव्ह फाईल, 22050 हर्ट्झ. सुरुवातीची शांतता पूर्ण कापा. तिथे दहावा हिस्सा सेकंद जरी राहिला तरी शिंग आधी लागतं आणि घुंगरू मागून वाजतं. नंदी उडी मारून खाली येतो तेव्हा, हालचाल क्रमांक 47, लाकडी चाकं फरशीवर आपटल्याचा आवाज द्या. चालताना मात्र काही देऊ नका, दर 4 टिकला चाक वाजलं तर कान किटतात.

बोरीकाठचा_पिक्सेल

बाहेरचा कीबोर्ड लावला, बटणं लागून राहिली. घुंगरमाळ उद्या सकाळी गोठ्यात जाऊन रेकॉर्ड करतो, तेव्हा बैल बांधलेले राहतात. नंदीची चाकं आजच फिरली. रोह्याचं गुडघे टेकणं झालं का चौकटींसकट फाईल इथे टाकतो, मागची उंच चौकट बरोबर बसली का तेवढं टिकभाऊ पाहून द्या.